स्टॅक हा व्हेक्टर आहे का?

‘कुत्रा हा प्राणी आहे’ एवढ्यावर इनहेरिटन्स समजलं असं वाटत असेल, तर जावाचा स्टॅक क्लास उघडून बघा. तो व्हेक्टरचा उपक्लास आहे. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेलं आधी निघायला हवं. पण वारशात आलेल्या मेथड वापरून मधेच काहीही घुसवता येतं. कंपायलर अडवत नाही. बरं, त्या मेथड बंद केल्या, तर बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं तत्त्व मोडतं: मूळ क्लासच्या जागी उपक्लास ठेवला तरी प्रोग्रॅमचं वागणं बिघडू नये. म्हणजे चूक नात्यातच आहे. तुमच्या सिम्युलेशनमध्ये अशी चूक एरर न देताही उत्तर बिघडवू शकते. तयार कोड मिळतोय म्हणून वारसा घेऊ नका. व्हेक्टर आत प्रायव्हेट ठेवा.