छळानें सत्य मिळतें काय?

मनुष्याच्या देहाला यातना दिल्या म्हणजे त्याच्या मुखांतून सत्य बाहेर पडतें, ही समजूत फार पुरातन आहे. बॉम्बस्फोटाची वार्ता आली कीं, अशांना फोडून काढल्याखेरीज ते बोलावयाचे नाहींत, असे उद्गार आमच्या सुशिक्षित घरांतूनहि सहज ऐकूं येतात. असें म्हणणारांनीं अली सूफान यांचें ‘द ब्लॅक बॅनर्स’ हें पुस्तक अवश्य वाचावें. सूफान हे मूळचे लेबाननचे. अमेरिकेच्या एफ्. बी. आय्. या तपासखात्यांत असतां त्यांनीं अल् कायदाच्या कैद्यांच्या जबान्या त्यांच्याच अरबी भाषेंत घेतल्या. पुस्तक २०११ सालीं निघालें तेव्हां सी. आय्. ए. या हेरखात्याच्या हुकुमानें त्यांतील पुष्कळ ओळींवर काळी शाई फिरली होती. कांहीं पानांवर ‘मी’ हा शब्दहि उरला नव्हता. २०२० च्या आवृत्तींत तो मजकूर पुन्हा आला आहे. वाचकांनीं तीच घ्यावी.

यांतील सर्वांत सरस भाग म्हणजे अबू जंदलची जबानी. हा बिन लादेनचा एके काळचा अंगरक्षक, येमेनच्या तुरुंगांत होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत सूफान त्याच्यासमोर बसले. पुढें ठेविलेल्या बिस्किटांना त्यानें हात लाविला नाहीं. त्याला मधुमेह आहे हें कळतांच सूफान यांनीं बिनसाखरेचीं बिस्किटें आणविलीं, आणि त्याची जीभ सैल झाली. पुढें छायाचित्रें पाहून त्यानें सात इसम आपल्या संघटनेचे म्हणून ओळखिले. मात्र हल्ला आपल्या लोकांनीं केला हें तो मानीना. तेव्हां सूफान यांनीं सांगितलें कीं, हेच सात जण त्या विमानांत होते. अबू जंदल खचला आणि मग त्यानें पुष्कळ कांहीं सांगितलें. यांत भोळी दया कोठेंच नाहीं. पूर्वतयारी, भाषाज्ञान आणि धीर हींच यांतील शस्त्रें होत.

याच्या उलट चित्र अबू झुबैदाचें. मार्च २००२ मध्यें तो जखमी अवस्थेंत पकडला गेला. सूफान व त्यांचे सहकारी यांनीं त्याची शुश्रूषा केली, आणि खालिद शेख महंमद हाच हल्ल्याचा सूत्रधार, ही माहिती त्या दिवसांतच मिळाली, असें लेखक सांगतात. पुढें काम दोघां मानसशास्त्रज्ञांच्या हातीं गेलें. ऑगस्टमध्यें झुबैदाच्या तोंडावर कापड टाकून, पाणी ओतून, बुडण्याची यातना किमान ८३ वेळां देण्यांत आली. अमेरिकन सेनेटच्या समितीनें डिसेंबर २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत हे उपाय परिणामकारक ठरले नाहींत असा निष्कर्ष आहे. त्या दोघांच्या कंपनीला मात्र ८ कोटी १० लक्ष डॉलर मिळाले होते! इजिप्तच्या कोठडींत अल् लिबी नामक कैद्यानें, इराकनें अल् कायदाला रासायनिक अस्त्रांचें शिक्षण दिलें, असें सांगितलें. तें फेब्रुवारी २००३ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितींत पुरावा म्हणून मांडलें गेलें, आणि पुढल्या महिन्यांत युद्ध पेटलें. २००४ सालीं अल् लिबीनें तें विधान मागें घेतलें. छळणाऱ्याला जें ऐकावयाचें असतें तें ऐकावयास मिळतें. सत्य हें निराळेंच राहतें.

पुस्तक निर्दोष नाहीं. पांचशेंहून अधिक पृष्ठांत नांवांची इतकी दाटी आहे कीं, वाचक वारंवार वाट चुकतो. आणि प्रत्येक प्रसंगीं लेखकच शहाणा ठरावा, हेंहि मनाला थोडें खटकतें. परंतु मुख्य वैगुण्य विचाराचें आहे. लेखकाचा सर्व भर छळ निरुपयोगी आहे यावर. त्या मानसशास्त्रज्ञांपैकीं जेम्स मिचेल यांनीं २०१६ सालच्या आपल्या पुस्तकांत, तो उपयोगी पडला, असें उलट प्रतिपादिलें आहे. उद्यां एखाद्या प्रसंगीं तो खरोखरच उपयोगी पडला, तर सूफान काय म्हणणार? नीतीचा प्रश्न केवळ नफ्यातोट्याच्या वहींत सोडवूं गेलें कीं, पुढल्या पानावर तो उलटा सुटण्याचा संभव राहतोच.

आमच्याकडे पूर्वीं दिव्य करवीत. पाण्यांत बुडी मारून, तापलेल्या तेलांत हात घालून खरेंखोटें ठरे. तेथें निदान देव साक्षी आहे अशी श्रद्धा होती. छळाच्या कोठडींत तीहि नाहीं. म्हणूनच १८७२ च्या पुरावा कायद्यानें पोलिसांपुढील कबुलीजबाब अग्राह्य ठरविला, व २०२३ च्या नव्या कायद्यांतहि तो नियम कायम आहे. संघटित गुन्हेगारीच्या विशेष कायद्यानें मात्र त्याला अपवाद केला. ११ जुलै २००६ रोजीं मुंबईच्या लोकलगाड्यांत १८९ माणसें मेलीं. त्या खटल्यांत २०१५ सालीं बारा जण दोषी ठरले. जुलै २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें कबुलीजबाब छळानें घेतलेले म्हणून त्याज्य मानून सर्वांस निर्दोष ठरविलें. हा निर्णय इतर खटल्यांत दाखला म्हणून धरूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें त्याच आठवड्यांत सांगितलें. अंतीं कांहींहि ठरो. एकोणीस वर्षांनंतर त्या १८९ घरांच्या हातीं काय आलें, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. कोठडींतील छळानें कैद्याइतकाच मृतांच्या आप्तांवरहि अन्याय होतो, कारण खरा अपराधी कोण हें जाणण्याचा त्यांचा हक्कच त्यामुळें बुडतो. फोडून काढण्याची भाषा करणाऱ्या आमच्या सज्जन वाचकांनीं एवढें तरी मनांत आणावें.