नाल कुठे लपते

पत्त्यांच्या अड्ड्यावर जागा देणारा माणूस डावातून स्वतःचा वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. वर्ध्यात पोळ्याला, दिवाळीला तीन पत्ती खेळणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. नाल सगळ्यांदेखत निघते, त्यामुळे किती गेले ते कळतं. कॅसिनोही नाल घेतो, पण नियमांच्या आडून. ब्लॅकजॅकच्या नवनव्या आवृत्त्या मला म्हणूनच नाल लपवायच्या नव्या जागा वाटतात.

मूळ खेळ त्यातल्या त्यात सरळ आहे. पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पुढे गेलात की फुटलात. मेख एकच: तुम्ही आधी खेळता. तुम्ही फुटलात आणि नंतर डीलरही फुटला, तरी पैसे त्याचेच. त्या बदल्यात पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा किंवा चित्र आलं, तर शंभराला दीडशे मिळतात. नीट खेळलात तर शंभरामागे साधारण अर्धा रुपया नाल पडते.

आता ६:५ चं टेबल बघा. सगळं तेच, फक्त दीडशेचे एकशेवीस. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो, म्हणजे शंभराच्या प्रत्येक डावामागे आणखी सव्वा-दीड रुपया गेला. बहुतेकांच्या हे लक्षातही येत नाही.

'डबल एक्स्पोजर' जास्त चतुर आहे. डीलर दोन्ही पानं उघडी ठेवतो! खेळणारा हुरळतो. पण बरोबरी झाली की सहसा पैसे डीलरचे, आणि दीडशेचे थेट शंभर. 'स्पॅनिश २१' मध्ये कॅटमधली दहाची चारही पानं काढून टाकतात आणि तुमची २१ नेहमी जिंकते. हा खेळ नीट जमला तर महाग नाही, पण मूळ खेळाची पाठ केलेली गणितं इथं फसवतात.

तीन पत्तीतही आवृत्त्या असतात. मुफलिसमध्ये सगळ्यात हलका हात जिंकतो. पण तो उलटफेर सगळ्यांना सारखाच लागू होतो. कोणी एक कायमचा डीलर नसतो. माझ्या मते गंमत खरी तिथंच आहे.

महाराष्ट्रानं १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे वर्ध्याच्या पोराला ब्लॅकजॅक भेटतो तो पणजीला मांडवीतल्या जहाजावर, नाहीतर मोबाइलवर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली. उरल्या फुकट चिप्स. पण फुकटच्या चिप्सवर दीडशे आणि एकशेवीस यांतला फरक खिशाला कळत नाही, आणि ज्या आवृत्तीची सवय लागते तोच खेळ मूळ वाटू लागतो. मग तो पोरगा सुट्टीत गोव्याला जातो. तिथं टेबलाच्या हिरव्या कापडावर ३:२ की ६:५ ते छापलेलं असतं; तो मात्र पत्त्यांकडे बघत बसतो.