अनुशेषाच्या रकान्यात न बसलेले तास

‘अनुशेष’ हा शब्द मुळात हिशेबाच्या वहीतला. 1984 नंतर तो मराठवाड्याच्या राजकारणाचा झाला आणि आज तो पाथरीच्या बाजारात, चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. एखादा पारिभाषिक शब्द इतका रुळला की त्याने नेमके काय मोजले आणि काय मोजायचे राहिले, हे विचारायचे आपण विसरतो. या लेखात मी विजेपुरता तो प्रश्न विचारणार आहे. राज्याच्या अहवालांची आणि योजनांची भाषा वाचताना माझे मत असे बनले आहे, की महाराष्ट्राने विजेच्या बाबतीत खांब मोजले, जोडण्या मोजल्या, अश्वशक्ती, मेगावॅट आणि रुपये मोजले. शेतकऱ्याच्या पदरात पडलेले तास मात्र विकासाचे माप म्हणून कधी मोजले नाहीत.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समिती 1983 मध्ये नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. समितीची रीत सोपी होती आणि म्हणूनच प्रभावी ठरली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्याखाली असेल त्याची तूट ठरवायची. ती भरून काढण्याचा खर्च म्हणजे अनुशेष. सिंचन, रस्ते, पाणीपुरवठा, शिक्षण, आरोग्य यांच्याबरोबर ग्रामीण विद्युतीकरण हाही एक रकाना होता. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये निघाला, त्यात मराठवाड्याचे सुमारे 751 कोटी. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती धरून नवा हिशेब मांडला, तेव्हा मराठवाड्याचा आकडा सुमारे 4,005 कोटींवर गेला. मधल्या काळात किमती वाढल्या होत्या, हे खरे. पण सरासरीशी तुलना करणाऱ्या पद्धतीत दुसरीही एक गोष्ट अंगभूत आहे: पुढचा पुढे धावत राहिला की मागच्याची तूट आपोआप वाढते.

दांडेकरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या अहवालाने ‘आमच्यावर अन्याय होतो’ या भावनेला पहिल्यांदा आकड्यांचा आधार दिला. तो आधार नसता तर गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेची वैधानिक मंडळांची मागणी इतक्या नेटाने पुढे गेली नसती, आणि 1994 मध्ये राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली ती मंडळे आलीही नसती. माझा आक्षेप आहे तो नंतरच्या चाळीस वर्षांत तीच फूटपट्टी न बदलता वापरत राहण्याला.

विद्युतीकरणाच्या व्याख्येचेच पाहा. देशात 1997 पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असली की ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरत असे. शिवारात एखादी मोटार चालली तरी पुरे. 1997 मध्ये वापर वस्तीत असावा अशी अट आली. 2004 मध्ये दलित वस्तीसह गावात तारा व रोहित्र असावे, शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी वीज मिळावी आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी असावी, असे ठरले. व्याख्या सुधारत गेली, तरी तिन्हींत वीज किती वेळ असावी याची अट नाही.

शेतीच्या रकान्याचे नाव ‘कृषिपंपांचे ऊर्जीकरण’. हा शब्द पाथरीत कोणी उच्चारत नाही. इथे लोक म्हणतात, कोटेशन भरलं, कनेक्शन आलं, डीपी जळाली, लाईट गेली. सरकारी शब्द जोडणी मिळाल्या दिवशी संपतो. लोकांचे शब्द त्या दिवशी सुरू होतात.

पाथरी तालुक्यात हे अधिक जाणवते, कारण इथे पाणी अगदीच नाही असे नाही. जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल असे बंधारे उभे राहिले. पण बंधाऱ्यातले पाणी आपल्या पायाने कापसा-उसापर्यंत चालत येत नाही. त्याला मोटार लागते आणि मोटारीला थ्री फेज. शेतीची थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत अंधारात विंचू-काट्यातून बांधावर जाणे नको म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. पण मग त्या रोहित्रावरच्या सगळ्याच मोटारी एका क्षणी सुरू होतात, भार झेपत नाही आणि डीपी जळते. ती बदलून मिळेपर्यंत पीक वाळते. सरकारी हिशेबात तेवढे दिवसही हे सगळे पंप ‘ऊर्जित’च असतात.

तास कधीच मोजले नाहीत असेही नाही. भारनियमनाच्या काळात ते अगदी काटेकोर मोजले गेले. वीजगळती आणि थकबाकी यांनुसार फीडरांचे गट पाडले; वरच्या गटाला कपात कमी, खालच्या गटाला जास्त. म्हणजे तास सरकारी कागदावर आले ते शिक्षेचे माप म्हणून. नियमित बिल भरणाऱ्याला शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात बसावे लागले.

विधिमंडळाचा अग्रक्रम मात्र बिलाभोवती फिरत राहिला. 2004 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि निवडणुकीनंतर, 2005 मध्ये, मागे घेतली गेली. 2024 मध्ये, पुन्हा निवडणुकीच्याच वर्षी, ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे बिल नाही. लाभार्थी सुमारे 44 लाख. कर्जात बुडालेल्या घराला हा दिलासा मोठा आहे, तो मी हलका लेखत नाही. पण बिल शून्य झाल्याने पुरवठ्याचा एक तासही वाढत नाही. उलट पैसे शासन देणार म्हटल्यावर वीज कंपनीची नजर मंत्रालयाकडे राहते आणि तक्रार घेऊन आलेल्याला ‘फुकटच तर मिळते’ हे उत्तर तयार असते.

उद्योगांबाबतही तसेच. 1964 पासून सामुदायिक प्रोत्साहन योजनेचा हेतू उद्योग मुंबई-पुण्याबाहेर नेण्याचा आहे. 2016 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि इतर मागास भागांतील उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली. पण प्रतियुनिट सवलत जो जास्त युनिटे जाळतो त्याच्याकडे जास्त जाते. जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्या आणि हंगामापुरते चालणारे जिनिंग यांना एकाच नियमाने मोजले, तर पैसा कुठे जाईल हे सांगायला अर्थशास्त्री नको. ‘मराठवाड्याला सवलत’ असे म्हणताना मराठवाड्याच्या आतली ही उतरंड झाकली जाते.

पाथरीचे नाव 2020 च्या जानेवारीत राज्यभर गाजले, तेही विकासावरूनच. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून शंभर कोटींची घोषणा झाली, शिर्डीने बंद पाळला आणि वाद जन्मस्थानाचा झाला. शंभर कोटींत पाथरीची गरज काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

सौर कृषिवाहिनी योजनेने 2017 पासून ‘दिवसा वीज’ हे शब्द सरकारी उद्दिष्टात आणले. माझ्या वाचनात हा पहिला खरा बदल. इथे तास, निदान तासांची वेळ, हक्काच्या बाजूने बोलते. पण यशाच्या घोषणा आजही मेगावॅटमध्येच होतात. स्वतंत्र सौरपंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावर ठरते, अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती. विहीर बांधावर असेल तर ती चालेल. नदीवरून लांब पाइपलाइनने पाणी उचलणाऱ्या लहान शेतकऱ्याला ती पुरणार नाही. पाणी किती लांबून आणि किती उंच चढवायचे, हा रकाना त्या कोष्टकात हवा होता.

विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. ती पुन्हा आणावीत अशी मागणी मराठवाड्यात होते आणि ती रास्त आहे. मात्र जुन्याच फूटपट्टीसह ती आली तर जुनाच हिशेब नव्या किमतीत मांडला जाईल. प्रत्येक शेती-फीडरवर वर्षभरात दिवसाचे किती तास थ्री फेज वीज मिळाली आणि जळालेले रोहित्र किती दिवसांत बदलले, हे दोन आकडे तालुकावार विधिमंडळाच्या पटलावर ठेवावेत, एवढीच माझी सूचना आहे. फीडरवर मीटर असतात, नोंदी होतात. त्यासाठी नवी समिती नेमावी लागणार नाही. ते आकडे समोर आले की पाथरीच्या आमदाराला सभागृहात काय विचारायचे, हे इथला कोणताही शेतकरी सांगू शकेल.