हरलेल्या शर्यतींचा तक्ता

बंगळूरच्या जयनगरात आणि शेजारच्या लालबागेत पहाटे धावणारे एकमेकांना 'कितवा आलास?' असं विचारत नाहीत, 'टायमिंग काय?' म्हणतात. जयनगर जग्वार्ससारख्या गटांतली नोकरदार माणसं शहरातल्या टेन-केमध्ये हजारोंच्या मागून पोहोचतात आणि गेल्या वर्षीपेक्षा अर्धं मिनिट कमी लागलं म्हणून खुशीत डोसा खायला जातात. बघणाऱ्याला वाटतं, ही मनाची समजूत. मला तसं वाटत नाही, कारण अविनाश साबळेच्या विक्रमांचा तक्ता मी कवितेसारखा, ओळ न् ओळ थांबून वाचलेला आहे.

साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, महार रेजिमेंटचा जवान. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस. अठ्ठावीस अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. स्टीपलचेसचा अडथळा साध्या हर्डलसारखा धक्का लागला की पडत नाही. तो जागचा हलत नाही, माणूसच पडतो.

तक्त्याच्या आधी गोपाळ सैनींचा 1981 चा विक्रम आहे, 8:30.88. तो सदतीस वर्षं टिकला. 2018 मध्ये भुवनेश्वरला साबळेने 8:29.80 वेळ दिली. सदतीस वर्षांची कोंडी फुटली ती जेमतेम एका सेकंदाने! पुढच्या वर्षी पतियाळात 8:28.94, म्हणजे एक सेकंदही नाही. मग दोहाच्या जागतिक स्पर्धेत एकाच आठवड्यात दोनदा मोठी घसघशीत वजाबाकी: 8:25.23 आणि 8:21.37. त्यानंतर 8:20.20, 8:18.12, 8:16.21, 8:12.48, 8:11.20 आणि 2024 मध्ये 8:09.91. सहा वर्षांत दहा विक्रम, आणि सगळे मिळून एकवीस सेकंदांनाही किंचित कमी.

खरी गंमत या आकड्यांशेजारी क्रमांक लिहिले की कळते. दोहाच्या अंतिम फेरीत विक्रम झाला तेव्हा तो तेरावा होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये विक्रम केला आणि प्राथमिक फेरीतच बाद झाला. रबातला पाचवा, पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये सहावा. परदेशात केलेल्या सहा विक्रमांपैकी एकाही शर्यतीत तो पहिला आलेला नाही. उलट 2023 मध्ये हांगचौला त्याने आशियाई सुवर्ण जिंकलं, तेही पुढे निघून, जवळजवळ एकट्याने धावत. त्या दिवसाची वेळ 8:19.50. ती या तक्त्यात नाही.

बर्मिंगहॅमची 6 ऑगस्ट 2022 ची राष्ट्रकुल शर्यत हा त्यातला सर्वांत रसाळ भाग. तीनच आठवड्यांपूर्वी यूजीनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम शर्यत अगदी संथ झाली होती, शेवटी सगळे सुसाट सुटले आणि साबळे अकरावा राहिला. बर्मिंगहॅमला पुढे केनियाचे तिघे होते. 1994 नंतर या शर्यतीचं पदक केनियाबाहेर गेलेलं नव्हतं. साबळे बराच वेळ चौथा. लोक शेवटच्या धावेबद्दल बोलतात, मला ते चौथेपण मोलाचं वाटतं. पुढच्यांना सोडायचं नाही आणि घाईने पुढेही जायचं नाही, हा संयम ऐन वेळी सुचत नाही, तो सरावातून अंगात मुरावा लागतो. मग त्याने दोघांना मागे टाकलं. केनियाचा किबिवोट पहिला, 8:11.15; साबळे दुसरा, 8:11.20.

नोकरी, घर, परीक्षा, आजारातून उठणं यांच्यासाठी धावण्यातून काही उचलायचं असेल तर हे उचलावं: क्रमांकाचं खातं वेगळं आणि स्वतःच्या वेळेचं वेगळं. पहिलं खातं निम्मं दुसऱ्यांच्या हातात असतं. व्याख्यानांतून 'जिद्द' आणि 'झेप' यांचा जो मारा होतो, त्यात हे दुसरं खातं कोणी उघडायलाच सांगत नाही. शिवाय झेप कसली? या तक्त्यातली सर्वांत मोठी वजाबाकीसुद्धा चार सेकंदांची नाही.

जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला, गुडघ्याला दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ही शर्यत त्याला पूर्ण करता आली नाही; त्या दिवशी दोन्ही खात्यांत काहीच जमा झालं नाही.