‘सामना’ : मत एक, पण जमीन?

परवा सुट्टीच्या दिवशी रियाधमधल्या घरी ‘सामना’ पुन्हा पाहिला. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ साली हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील (निळू फुले) आणि दारूच्या आहारी गेलेले मास्तर (डॉ. श्रीराम लागू) यांची जुगलबंदी आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. या वेळी मात्र माझं लक्ष गावकऱ्यांकडे होतं. मारुती कांबळेचं काय झालं हे मास्तर विचारत राहतात आणि गाव गप्प राहतं. ही माणसं भेकड आहेत का?

मला तसं वाटत नाही. ज्याच्या हाती आपली रोजीरोटी, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं कसं?

खरं तर आपल्याकडे प्रयत्न कमी झाले नाहीत. १९४८चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा. यांमुळे अनेक कुळं मालक झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला. सहकाराचा नियमच असा की शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला मतपेटीपुढे सारखेच! लोकशाहीची केवढी मोठी शाळा ही! पण या शाळेत प्रवेश ऊस पिकवणाऱ्याला. ऊस तोडणारा भूमिहीन मजूर दाराबाहेरच. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली जमिनीसाठी सत्याग्रह केले, ते अशाच भूमिहीनांसाठी.

चित्रपटाबद्दल माझी तक्रार इथेच आहे. निळूभाऊ हिंदुराव इतका रंगवतात की सारा दोष एका माणसाच्या स्वभावाचा वाटू लागतो. सामना दोघांचा होतो आणि जमिनीचा प्रश्न मागे पडतो. एक हिंदुराव गेला तरी ऊस, पाणी आणि कारखाना ज्याच्या मुठीत, तो दुसरा हिंदुराव होणारच.

तरीही हा चित्रपट घरात जरूर लावा. निवडणुका आल्या की आपण इथे बसून ‘गावाकडचे लोक मतं विकतात’ असं सहज म्हणून जातो. २०११पासून यादीत नाव नोंदवून, गावी जाऊन मत देण्याचा हक्क आपल्यालाही मिळाला आहे. आपण कोणालाही मत दिलं तरी आपली चूल पेटते. भूमिहीनाला तेवढी खात्री नसते. म्हणून मुलांबरोबर ‘सामना’ पाहाल तेव्हा हिंदुराव वाईट का, हे विचारू नका. गाव गप्प का, हे विचारा.