दूरशिक्षणातील शैक्षणिक प्रशासन : अभ्यासक्रमाबाहेर राहिलेली शाळा

१९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर सेवेतील शिक्षकाला रजा न घेता पुढील शिक्षण घेण्याचा मार्ग खुला झाला. शालेय व्यवस्थापन पदविका किंवा शैक्षणिक व्यवस्थापन हे विशेष क्षेत्र घेऊन शिक्षणशास्त्रातील एम.ए. करणाऱ्यांत तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या आणि घरची जबाबदारी सांभाळणाऱ्या शिक्षिकांनाही त्यामुळे स्थान मिळाले. हे यश मोठे आहे. अशा पदव्यांच्या समकक्षतेविषयी एकेकाळी होत असलेला वादही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मिटविला आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षण पदवी आता नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. मात्र समकक्षता हा कायद्याचा निर्णय आहे; या पदवीने शाळा चालविण्याचे ज्ञान कितपत मिळते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक तीव्र होण्यास एक कारण आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींबाबतच्या १९८१ च्या नियमावलीनुसार, अल्पसंख्याक संस्था वगळता, माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेने मिळते. पदवी, बी.एड. आणि किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव एवढी अर्हता पुरते. प्रशासनाच्या शिक्षणाची अट नाही. बीजगणित शिकविण्यात हयात घालविलेला शिक्षक एके दिवशी शाळा समितीचा पदसिद्ध सचिव होतो. वेतनदेयके, सेवापुस्तके, बिंदुनामावली, संचमान्यता, अतिरिक्त ठरलेल्या सहकाऱ्याचे समायोजन हे सारे त्याच्या टेबलावर एकाच वेळी येऊन पडते. या माणसाला प्रशासनाचे शिक्षण हवे आहे, आणि शाळा सोडून जाणे शक्य नसल्यामुळे ते दूरशिक्षणानेच मिळणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात त्याच्या हाती पडणाऱ्या स्वयं-अध्ययन पुस्तिका टेलरपासून सुरू होतात, फेयॉलच्या १४ तत्त्वांवरून गुलिकच्या १९३७ मधील ‘पोस्डकॉर्ब’पर्यंत येतात आणि मग नेतृत्वाच्या शैलींकडे वळतात. हे विचार निरुपयोगी नाहीत. पण ते कारखाना आणि शासनयंत्रणा यांच्या निरीक्षणातून जन्मले आहेत, आणि शाळा त्यांत बहुधा घटकाच्या अखेरीस उदाहरणापुरती येते. फेयॉलचे ‘आदेशाची एकवाक्यता’ हे तत्त्व पाहावे. कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, असे ते सांगते, आणि विद्यार्थी परीक्षेत तसे लिहून गुणही मिळवितो. अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक मात्र रोज दोन वरिष्ठांच्या मध्ये उभा असतो. शिक्षकाची नेमणूक संस्था करते, वैयक्तिक मान्यता शिक्षणाधिकारी देतात, वेतन शासनाच्या अनुदानातून येते. संस्थेच्या सचिवांनी तोंडी सांगितलेले आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी मागितलेले परस्परविरोधी असेल, तर मुख्याध्यापकाने काय करावे? महाराष्ट्रातील शालेय प्रशासनाचा गाभा या प्रश्नात आहे. शिस्तभंगाच्या प्रकरणांत तर चौकशी समितीची रचना किंवा आरोपपत्राची पद्धत चुकली की शाळा न्यायाधिकरणात संस्थेचा आदेश टिकत नाही. तरीही या द्विधा रचनेचे विवेचन पाठ्यघटकांत क्वचितच केंद्रस्थानी येते. ‘संघटनात्मक संस्कृती’ शिकायची, परंतु आपल्या संघटनेचे नाव न घेता, असा हा प्रकार आहे.

हीच स्थिती स्वाध्यायांची. इग्नूच्या पद्धतीत स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. प्रश्न सर्वांना समान, त्यांची उत्तरे पुस्तिकेत तयार, आणि बाजारात तयार स्वाध्यायांच्या झेरॉक्स प्रतीही उपलब्ध. विद्यार्थी नक्कल करतात, अशी तक्रार समंत्रक नेहमी करतात. पण व्याख्या मागणारा प्रश्न नक्कलच मागत असतो. त्याऐवजी आपल्या शाळेच्या मागील तीन वर्षांच्या संचमान्यता समोर ठेवून पदे का घटली आणि तासिकांचे नियोजन कसे बदलले, हे लिहावयास सांगितले, तर ते उत्तर शेजारच्या तालुक्यातून उसने आणता येणार नाही. मायकेल मूर यांच्या मते दूरशिक्षणातील अंतर मैलांचे नसून संवाद आणि रचना यांतून निर्माण होणारे अध्यापनशास्त्रीय अंतर असते. या निकषावर पाहता, शाळेतच बसलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या शाळेविषयी एकही प्रश्न न विचारणारा अभ्यासक्रम फार दूरचा ठरतो.

नियमित पद्धतीचा एम.एड. याहून सरस आहे, असे म्हणण्यास आधार नाही. तेथील पुष्कळ विद्यार्थी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत कधी बसलेले नसतात. दूरशिक्षणाचा विद्यार्थी त्या खुर्चीत किंवा तिच्या शेजारी असतो. नवी दिल्लीच्या नीपाने शिक्षणाधिकाऱ्यांसाठी राबविलेल्या राष्ट्रीय पदविकेत वर्गातील अध्ययनाला कार्यस्थळावरील प्रकल्पाची जोड होती, ती याच कारणाने.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तिची चर्चा सहसा होत नाही. मुख्याध्यापकाने आपल्या शाळेविषयी प्रामाणिकपणे लिहिले, तर ते वाचणार कोण? अभ्यासकेंद्र बहुधा त्याच तालुक्यातील महाविद्यालयात असते. कधी ते त्याच्याच संस्थेचे असते. ज्या सचिवांच्या तोंडी आदेशांचे विश्लेषण करावयाचे, त्यांच्याच महाविद्यालयातील प्राध्यापक उत्तर तपासणार असेल, तर शहाणा मनुष्य फेयॉलच लिहील. यासाठी मूल्यमापन दुसऱ्या जिल्ह्यात, नाव व शाळा झाकून व्हावयास हवे. ज्या पद्धतीला अंतर हा दोष म्हणून चिकटविला जातो, तिला येथे ते जाणीवपूर्वक वाढवावे लागेल.

तोवर लघुप्रबंधांचे विषयही सुरक्षितच राहतील. शंभर मुख्याध्यापकांना प्रश्नावली द्यावयाची, ताणाविषयी किंवा कार्यसमाधानाविषयी त्यांची मते शेकडेवारीत मांडावयाची आणि शिफारशी लिहावयाच्या, हा परिपाठ झाला आहे. शाळा समितीची इतिवृत्ते, तपासणी अधिकाऱ्यांचे शेरेपुस्तक आणि आवक-जावक नोंदवह्या मात्र त्याच संशोधकाच्या कार्यालयातील कपाटात न उघडता पडून असतात.