उपासनेंतील हंसूं

घोटीसारख्या धुवांधार पावसाच्या गांवीं पत्र्यावरील सरींत कीर्तनकाराचा आवाज बुडतो, टाळकरी भलताच ठेका धरतात आणि श्रोतृवृंद पदराआड हंसतो. चर्चमध्यें ऐन प्रार्थनेंत एखादें मूल भोकाड पसरतें, तेव्हांही हेंच घडतें. हें हंसूं पाखंड कीं प्रेम, याचा निर्णय लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'त (१९३४-३६) मिळतो, असें आमचें मत आहे.

नाशिकजवळच्या जलालपुरीं जन्मलेल्या या लेखिकेनें प्रथम बाजारचा जिन्नस न् जिन्नस धुवायला लावणाऱ्या वडिलांच्या सोंवळ्याची गंमत सांगितली. पुढें १९०० सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती मंडळीकडे, रेव्हरंड टिळकांच्या विसराळूपणाकडे आणि स्वतःच्या फजितीकडेही त्यांनीं त्याच दृष्टीनें पाहिलें. धर्म बदलला, हास्याचें माप तेंच राहिलें.

हें हास्य स्वस्त नव्हे. १८९५ सालीं टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हां याच धर्मापायीं लक्ष्मीबाईंचा संसार कांहीं वर्षें दुभंगला होता. त्याच मंडळींत त्या पुढें घरच्या माणसासारख्या मोकळेपणानें हंसल्या. उपहास करणारा उंबऱ्याबाहेर उभा असतो. लक्ष्मीबाई पंगतींत बसल्या आहेत. म्हणूनच त्यांचें हंसूं कोणालाही बोंचत नाहीं.